तोतया खलित्याची परीक्षा

पानिपतच्या रणात १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने पुढे तोतया उभा राहिला, तेव्हा त्याची पारख करण्यास भाऊसाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे तरी हयात होती; परंतु चिंचोळी एमआयडीसीतील एखाद्या टॉवेल-कारखान्याच्या कचेरीत सकाळी संगणक उघडून बसणाऱ्या हिशेबनिसाला गूगल अथवा मायक्रोसॉफ्ट या दौलतींच्या कारभाऱ्यांचे मुखावलोकन कधीच घडलेले नसल्यामुळे, त्यांच्या नावाने येणाऱ्या ई-मेलची शहानिशा केवळ अंतर्गत पुराव्यावरून करणे त्यास प्राप्त आहे.

प्रथम भाषा पाहावी. ‘आपली मेलपेटी भरली असून चोवीस तासांत खालील लिंकवर पासवर्ड न नोंदवल्यास खाते कायमचे बंद होईल’ असे फर्मान येताच, ज्या गृहस्थाने आयुष्यात एकदा तरी ना-हरकत दाखला मिळवला आहे, त्याच्या मनात संशय उत्पन्न व्हावा. कारण आपण होऊन चोवीस तासांत काम उरकण्याची तत्परता अस्सल कचेरीच्या स्वभावात बसत नाही. शुद्धलेखनावर मात्र विसंबू नये. पूर्वीचे तोतये व्याकरणात हटकून सापडत. हल्लीचे मजकूर यंत्राकडून लिहवून घेत असल्याने त्यांची भाषा आपल्या परिपत्रकांहून निर्दोष असते.

खरी मेख पत्त्यात. फाटकावरचा रखवालदार ट्रकच्या कपाळावरील ‘श्री गणेश प्रसन्न’ वाचून गाडी आत सोडत नाही, तर चलनावरचा नंबर पाटीशी ताडून पाहतो. तद्वत लिंकवर माऊस केवळ टेकवावा, दाबू नये, आणि जो पत्ता उमटेल त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगत डावीकडे असलेले नाव तेवढे धन्याचे मानावे, मग त्याच्याही आधी ‘गूगल’ कितीदा का लिहिलेले असेना. रोमन लिपीतील लहान ‘आर’ व ‘एन’ खेटून उभे केले की ‘एम’ भासतात, म्हणून हे वाचन चाळशी लावून करावे.

एका पासवर्डाने काय बिघडते, असे कोणी विचारील. तो ज्याच्या हाती लागला तो इसम महिनोन्‌महिने निमूटपणे आपला पत्रव्यवहार वाचतो आणि टॉवेलचा माल बंदराकडे रवाना झाला की परदेशी गिऱ्हाइकास आपल्याच पत्त्यावरून, आपल्याच नम्र शैलीत, ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे कळवतो.

रक्कम गेल्यास विनाविलंब सायबर-गुन्ह्यांच्या १९३० या मदत-क्रमांकावर वर्दी द्यावी. आणि त्यानंतर ‘अल्प शुल्कात आपले पैसे परत मिळवून देऊ’ असा जो कनवाळू ई-मेल येईल, तो पहिल्याचाच धाकटा बंधू समजून त्याचीही परीक्षा वरील रीतीने करावी.