सायकल नको, गाडी घे

ताईनं परवा भाचीची सायकल विकून टाकली. मी पोचले तेव्हा घेणारा जिन्याखाली टायर दाबून बघत होता. भाची सोळा वर्षांची, कॉलेज घरापासून चार किलोमीटरवर. “सायकलवर पाठवायचं म्हणजे जीव टांगणीला लागतो गं. त्यापेक्षा गाडी बरी,” ताई म्हणाली. पुण्यात गाडी म्हणजे स्कूटर. सोळाव्या वर्षी कायदा फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला परवाना देतो, आणि ताईनं दारात आणून उभी केलेली आहे ११० सीसीची. मुलीनं ती रस्त्यावर काढली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण ते बाजूला ठेवते. मला बोलायचंय ते ‘त्यापेक्षा बरी’ या शब्दांबद्दल.

बरी नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२२मध्ये देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळपास ४४ टक्के दुचाकीवरची होती, १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारी, आणि ३ टक्क्यांच्या आसपास सायकलवरची. पोलिसांच्या नोंदींत गरीब, पायी माणूस कमी उतरतो, हे आयआयटी दिल्लीचे दिवंगत प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सांगत आले. म्हणून सायकलवाल्यांचा आकडा दुप्पट धरा. तरी तो दुचाकीच्या जवळपासही जात नाही.

आता सायकली उरल्यात कुठे, मग मरणार किती, असं कोणीही विचारेल. विचारायलाच हवं. २०११च्या जनगणनेत (शेती आणि घरगुती उद्योग वगळून) कामाला सायकलनं जाणारे २ कोटी ६० लाखांच्या घरात होते, स्कूटर-मोटरसायकलवाल्यांपेक्षा थोडे जास्तच. तेव्हापासून रस्ते दुचाक्यांनी भरले. शिवाय दुचाकी लांब जाते, सायकल जवळ. खरी तुलना अंतरामागे व्हायला हवी, आणि आपल्या देशात कोण किती किलोमीटर कशानं जातो याची नियमित पाहणीच होत नाही.

ब्रिटनमध्ये ती होते. तिथं अंतरामागे मृत्यूचा धोका सायकलवर आणि पायी जवळपास सारखा निघतो. मोटरसायकलवर त्याच्या तिप्पट-चौपट. सायकलच्या साधारण पाच कोटी किलोमीटरमागे एक मृत्यू. रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्याला तेवढं अंतर कापायला तेरा हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. आपले रस्ते तसे नाहीत, आपला आकडा त्याहून वाईटच असणार. पण माणसाचं डोकं आणि बरगड्या तिथं-इथं सारख्याच. पंधराच्या वेगानं पडणं आणि पन्नासच्या वेगानं पडणं यांतला फरक पुण्यातल्या नळ स्टॉपला वेगळा आणि लंडनला वेगळा नसतो.

दुसरी बाजूही मोजली गेली आहे. २०१०मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी चारचाकी सोडून छोट्या अंतरासाठी सायकल धरणाऱ्याचा हिशेब मांडला. अपघातांमुळे सरासरी ५ ते ९ दिवसांचं आयुष्य कमी होतं, प्रदूषित हवेमुळे एका दिवसाच्या आतपासून ४० दिवसांपर्यंत. व्यायामामुळे वाढतं ते ३ ते १४ महिने. ताईला रक्तदाब आहे, भावजींना मधुमेह. या घरात सायकल न चालवण्याचा धोका कोणी मोजलेला नाही.

मग भीती खोटी का? नाही. मी एकवीस वर्षं रोज सायकलनं कामाला जाते आणि ही भीती मला अजून वाटते. आकडेवाल्यांचं इथंच चुकतं. आकडे प्रेतं मोजतात. शरीर कट मोजतं. ज्यांनी कधी सायकल चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते: मागून येणारी चारचाकी हँडलपासून वीतभर अंतरावरून सुसाट जाते, तिच्या वाऱ्यानं सायकल डगमगते, आणि पुढच्या शंभर मीटरपर्यंत हात घट्ट आवळलेले राहतात. त्याला कट मारणं म्हणतात. कोणाला लागत नाही, कुठे नोंद होत नाही. उभ्या गाडीचं दार अचानक उघडतं, राँग साइडनं रिक्षा अंगावर येते, पीएमपीची बस स्टॉपकडे वळताना आपल्याला फुटपाथशी दाबते. ब्रिटनमध्ये रेचल आल्ड्रेड या अभ्यासक बाईंनी अशाच न झालेल्या अपघातांच्या नोंदी सायकलस्वारांकडून लिहून घेतल्या, तेव्हा पोटात गोळा आणणारा प्रसंग नेहमीच्या सायकलस्वाराला साधारण आठवड्याला एकदा येतो असं दिसलं. माझ्या वाटेवर तो रोज येतो. एका जखमेमागे असे शेकडो कट असतील, आणि त्या एकेक कटानं कोणी ना कोणी सायकल कायमची माळ्यावर टाकतं.

आणि माळ्यावर गेलेली प्रत्येक सायकल उरलेल्यांचा धोका वाढवते. २००३मध्ये पीटर जेकबसन यांनी अमेरिका-युरोपातल्या शहरांचे आकडे तपासले, तर सायकली दुप्पट झाल्यावर अपघात दुप्पट होत नव्हते, साधारण एक तृतीयांशानं वाढत होते. म्हणजे एकेकट्याचा धोका तेवढाच कमी. ड्रायव्हरच्या नजरेला सायकलींची सवय असली की तो वळताना बघतो. सवय गेली की बघत नाही. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात २०१८ साली वाहनं माणसांपेक्षा जास्त झाली: ३६ लाखांच्या वर वाहनं, माणसं ३५ लाखांच्या आसपास. ताई घाबरून सायकल विकते, म्हणून शेजारच्या मुलाची सायकल आणखी एकटी पडते, म्हणून त्याची आईही घाबरते.

फेब्रुवारी २०२४मध्ये नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर इंटेलचे माजी भारतप्रमुख अवतार सैनी सायकलवर असताना मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेत गेले. सगळीकडे बातमी झाली, व्हायलाच हवी होती. त्या दिवसांत मला निदान दहा जणांनी फोन करून सायकल सोडायला सांगितलं. पण देशात २०२२मध्ये सायकलवर दिवसाला तेरा माणसं गेली. पहाटेचा दूधवाला, रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, डबा कॅरिअरला लावून साइटवर जाणारा गवंडी. त्यांना ‘सायकल सोड’ म्हणून फोन करता येत नाही, कारण सोडून जायचं कशानं?

सैनींच्या बातमीनंतर मला सगळ्यांनी हेल्मेट विचारलं. मी घालते, तुम्हीही घाला. पण सायकलचं हेल्मेट प्रयोगशाळेत तपासतात ते साधारण ताशी वीस किलोमीटरच्या आपटण्यासाठी. भरधाव येणाऱ्या टॅक्सीपुढे ते फारसं काही करत नाही. हेल्मेट विचारणाऱ्यांतल्या एकानंही टॅक्सीचा वेग विचारला नाही, याचा मला अजून राग येतो. तो प्रश्न नेदरलँड्समध्ये विचारला गेला. तिथं १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. तिथल्या आईबापांनी मुलांच्या सायकली विकल्या नाहीत. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ म्हणत ते रस्त्यावर बसले. वस्त्यांतला गाड्यांचा वेग उतरला, सायकलींना वेगळी वाट मिळाली. आज तिथं रोजच्या सायकलवर हेल्मेट क्वचित दिसतं. आपल्या महापालिकेनं २०१७मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्याआधीपासूनचे सायकल ट्रॅक माझ्या वाटेवर आहेत. त्यांवर भाजीच्या गाड्या, विजेचे डीपी आणि लावलेल्या स्कूटर आहेत.

ताईशी काल पुन्हा बोलले. भांडले म्हणा. शेवटी ती एवढ्यावर आली की एका रविवारी भाचीनं माझी जुनी सायकल घ्यायची आणि मी मागे राहायचं. सकाळी साडेसहाला निघू. कर्वे रोड टाळून आतल्या गल्ल्यांनी, शाळेमागून, कालव्याच्या कडेनं. उभ्या गाड्यांपासून हातभर लांब, डावीकडच्या गटाराला चिकटून नाही. एकच चौक वाईट आहे, सिग्नल सुटायच्या आधी गाड्या सुटतात तो. तिथं उतरून, सायकल हातात धरून, चालत पलीकडे जायचं. मागचा लाल दिवा मी कालच बदलून आणला.