माजीराव अमेरिकेला जातात

बाणेर-बालेवाडीपासून वाकडपर्यंत कुठल्याही सोसायटीत शिरा, लिफ्टमध्ये एक तरी माजीराव भेटतीलच. वय पंचेचाळीसच्या पुढेमागे. अंगात कंपनीच्या कुठल्याशा सहलीत फुकट मिळालेला टी-शर्ट, हातात झाकणाचा भलामोठा स्टीलचा पेला. लिफ्टचं दार उघडलं आणि आतले बाहेर पडायच्या आधीच बाहेरचे आत घुसले, की माजीराव एक उसासा टाकतात. बोलत काही नाहीत. ‘तिकडे’ असं होत नाही, हे त्या उसाशातूनच समजून घ्यायचं.

तिकडे ते राहिले जेमतेम सव्वाचार वर्षं, न्यू जर्सीत एडिसनला, एच-वन या नोकरीच्या व्हिसावर. बोलणं ऐकून मात्र वाटावं, कोलंबसाच्या मागोमाग हेच बोटीतून उतरले. नोकरी सोडून, व्हिसावर पाणी सोडून पुण्यात आले त्याला आता दीडेक वर्ष झालं. पण निवडणूक हरलेला नगरसेवक जसा वॉर्डातली गटारं बघत फिरायचं सोडत नाही, तसं माजीरावांचंही अमेरिकेवरचं लक्ष हटलेलं नाही. अंड्यांचा भाव, टर्नपाइकचा टोल, नोकरकपातीची ताजी यादी, सगळं त्यांना सोसायटीच्या पाण्याच्या वेळेआधी ठाऊक असतं. दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन आलं, की पहिल्यांदा ते ग्रीन कार्डाच्या ईबी-टू वर्गातला भारताचा रकाना उघडतात. ग्रीन कार्डात दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा, आणि भारतीयांची रांग काही हलत नाही. माजीरावांची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत लागल्याची तारीख, आणि बुलेटिनातली तारीख यांच्यात अजून सात-आठ वर्षांचं अंतर आहे. रांग सोडून घरी आलेला माणूस रांग किती सरकली हे का बघतो, असं एकदा मी विचारलं. “असावी माहिती,” म्हणाले.

परत का आलात, या प्रश्नाचं त्यांचं अधिकृत उत्तर असं, की आई-बाबांचं वय झालं, शिवाय मुलीला मराठी यायला हवं. (मुलीला सध्या मराठीच्या पेपरसाठी शिकवणी लावलेली आहे.) वहिनींचं उत्तर छोटं आहे. “इथली चांगली नोकरी सोडून तिकडे बायकोच्या एच-फोर व्हिसावर डिशवॉशर भरत बसायचा मला कंटाळा आला. मी याला म्हटलं, मी निघाले, तुला यायचं तर ये.”

तर प्लेन्सबरोला मावसभावानं घर घेतलं. वास्तुशांतीचं बोलावणं आलं आणि माजीरावांनी कपाटातून पासपोर्ट काढला. त्यावरच्या एच-वनच्या शिक्क्याची मुदत अजून काही महिने शिल्लक होती. “आहे की व्हिसा!” म्हणून त्यांनी तिकिटंही बघितली. तेव्हा भाच्यानं समजावलं की मामा, हा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की तारीख कितीही शिल्लक असो, त्यावर पाहुणा म्हणून आत जाता येत नाही. तुम्हाला बी-वन बी-टू काढावा लागेल.

“आई-बाबांचा होता तो?”

“तोच.”

हा घाव खोल गेला. हाच फॉर्म त्यांनी आई-बाबांसाठी एडिसनला बसून भरला होता, “आई, अमेरिकेत काम करण्याचा इरादा आहे का, यावर नाही म्हण,” असं फोनवर ओरडत. आता तोच डीएस-१६० त्यांना स्वतःसाठी भरायचा होता. मागच्या पाच अमेरिकावाऱ्या कधी आणि किती दिवसांच्या, हा रकाना भरताना तेवढा त्यांचा ऊर भरून आला. मग १८५ डॉलर भरले, दोन बाय दोन इंचांचा फोटो काढला, चष्मा काढून.

मुलाखतीची गंमत नीट कळायची तर कायदा थोडा माहीत हवा. एच-वनवाल्याला पुढेमागे तिथेच राहायची इच्छा असली, तरी कायद्याला चालते. पाहुण्याच्या व्हिसाला मात्र अमेरिकेचा कायदा धरूनच चालतो, की हा माणूस एकदा आला की जाणार नाही. जाणार, हे त्यानं खिडकीसमोर उभं राहून पटवायचं. नाही पटलं, तर २१४-बीचा नकाराचा कागद हातात आणि १८५ डॉलर खात्यात, त्यांच्या. म्हणजे वर्षभर ज्या माणसानं लिफ्टमध्ये, जिममध्ये आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत तिकडचं कौतुक केलं, त्याला एका सकाळपुरतं सिद्ध करायचं होतं, की आपल्याला इकडे सोडून राहवणारच नाही.

माजीराव पहाटेच्या गाडीनं मुंबईला, बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत गेले. फाइल दोन किलोची. फ्लॅटची कागदपत्रं, एफडीच्या पावत्या, सहा पगारचिठ्ठ्या, मुलीच्या शाळेचं बोनाफाइड. खिडकीपलीकडच्या पोरसवदा अधिकाऱ्यानं फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. एकच विचारलं, “तुम्ही परत का आलात?”

पुढची दोन मिनिटं माजीराव बोलले, तसं ते त्याआधी कधी बोलले नव्हते. म्हातारे आई-वडील, माझी माती, माझी भाषा, बायकोचं करिअर (हे ऐकायला वहिनी शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी एकदा वळून बघितलं). ओघात पुण्यातल्या रस्त्यांबद्दलही ते चार चांगले शब्द बोलून गेले, जे पुण्यात राहून आजवर कुणी बोललेलं नाही. अधिकाऱ्याला पटलं. दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. हा माणूस आपण होऊन परत आला, यावर त्याच्या सासरच्यांचासुद्धा अजून विश्वास नाही. तो पहिल्यांदा ठेवला अमेरिकन सरकारनं.

पासपोर्ट घरी आला तेव्हा नव्या व्हिसाचं पान कुणी बघितलंच नाही. माजीराव जुन्या पानावर बोट ठेवून बसले होते. एच-वनवर आडवा शिक्का होता, ‘कॅन्सल्ड विदाउट प्रेज्युडिस’. म्हणजे तुमची काही चूक नाही, फक्त हा आता चालणार नाही. त्या रात्री ते घरी जेवले नाहीत. बाहेर जेवले.

त्यांच्या मनाचा एक कोपरा मात्र या शिक्क्यापलीकडे शाबूत आहे. एच-वनची एकूण मर्यादा सहा वर्षं. त्यांची सव्वाचार झाली. एकदा लॉटरीत नंबर लागून गेलेल्याला उरलेल्या काळासाठी पुन्हा लॉटरीत उतरावं लागत नाही, कंपनीनं अर्ज केला की झालं. “माझी पावणेदोन वर्षं शिल्लक आहेत,” हे वाक्य ते अशा सुरात म्हणतात, की ऐकणाऱ्याला कोकणात आंब्याची बाग असावी असं वाटतं. शिवाय मधे भारतात येऊन राहिलेले दिवसही परत मोजून मिळतात, ते धरले तर जवळजवळ दोन! १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्पसाहेबांनी देशाबाहेरच्या माणसासाठी एच-वनचा नवा अर्ज करायचा तर एक लाख डॉलर भरा, असा हुकूम काढला, तेव्हा सोसायटीत सगळ्यांनी माजीरावांकडे सहानुभूतीनं पाहिलं. ते उलट खुशीत होते. “म्हणजे माझ्या पावणेदोन वर्षांची किंमत बघा किती वाढली.” बागेला गिऱ्हाईक नाही, हे त्यांना कोण सांगणार?

सोशल सिक्युरिटीचंही तसंच. तिथल्या पेन्शनला चाळीस क्रेडिटं लागतात, वर्षाला फार तर चार मिळतात. यांची सतरा झाली. भारत आणि अमेरिकेत याबाबतचा करार नसल्यामुळे ती सतरा इथल्या कशातही जमा होत नाहीत. तो पैसा अमेरिकन म्हाताऱ्यांच्या कामी येतोय. यावर माजीराव रागावत नाहीत. तिथे गेल्यावर कुठलाही गोरा म्हातारा दिसला, की ते त्याच्याकडे जरा मालकीच्या नजरेनं बघतात, इतकंच.

नेवार्कला विमान उतरलं तेव्हा पाहुण्यांच्या रांगेत निम्म्या व्हीलचेअर होत्या. त्यात आज्या आणि आजोबा, मांडीवर औषधांची पिशवी, पदराला पिनेनं लावलेला मुलाचा फोन नंबर. माजीराव त्यांच्यामागे उभे राहिले, पण चेहरा असा, की मी चुकून या रांगेत आहे. अधिकाऱ्यानं कशासाठी आलात विचारलं. “भावाकडे” एवढं उत्तर पुरलं असतं. यांनी एच-वन, सव्वाचार वर्षं, सगळी बखर सुरू केली. अधिकारी म्हणाला, “सर, किती दिवस?” एकवीस. त्यानं सहा महिने दिले. एकवीस मागितले आणि सहा महिने मिळाले, ही गोष्ट माजीराव अजूनही विश्वासाचा ठराव म्हणून सांगतात. तेवढे तो बहुतेक सगळ्यांनाच देतो, व्हीलचेअरवरच्या आजींनाही दिले.

प्लेन्सबरोला पोचल्यावर पहिले दोन दिवस पाहणी दौरा. जुन्या अपार्टमेंटवरून गाडी हळू न्यायला लावली. “बघ, आपल्या बाल्कनीत त्यांनी सायकल ठेवलीये,” असं ते वहिनींना दुखऱ्या आवाजात म्हणाले. मग कॉस्टको. आपलं कार्ड संपलेलं, म्हणून भावाच्या कार्डावर पाहुणे म्हणून आत. हॉटडॉग आणि सोडा मात्र दीड डॉलरलाच, १९८५ पासून तो भाव हललेला नाही. माजीरावांनी दोन घेतले. त्या देशात आपल्यासाठी थांबलेलं एवढंच उरलंय, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पेट्रोल पंपावर ते गाडीतून उतरायला लागले, तेव्हा भावानं आत ओढलं. पुण्यात लिफ्टमध्ये ते आम्हाला नेहमी सुनावतात, की तिकडे पेट्रोलसुद्धा आपलं आपण भरायचं. न्यू जर्सीत १९४९ पासून ग्राहकानं स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी आहे.

वहिनींची गोष्टच निराळी. तिसऱ्या दिवशी त्या ट्रेननं एकट्या न्यूयॉर्कला गेल्या, फेरीत बसून स्वातंत्र्यदेवी बघून आल्या. सव्वाचार वर्षांत माजीरावांनी ‘जाऊ गं, इथेच तर आहे’ म्हणून ती दाखवली नव्हती. “कामाची परवानगी मला एच-फोरवरही नव्हती आणि आताही नाही,” त्या म्हणाल्या. “पण यात तीन आठवड्यांत सुटका आहे.”

भाऊ-भावजय कामाला गेले की माजीराव एकटे पडत. कंपनीचा लॅपटॉप आणला होता, पण पाहुण्याच्या व्हिसावर तो उघडावा की नाही या धास्तीनं बेसमेंटच्या कपाटात कुलपात ठेवला होता. मग सकाळी तळ्याभोवती फिरायला जायचं. तिथे त्या वेळी ज्यांना नोकरी नाही तेच असतात. पांढरे बूट, माकडटोपी, हात मागे बांधलेले.

“नमस्कार. नवीन दिसताय,” सांगलीचे, एमएसईबीतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले. “मुलाकडे की मुलीकडे?”

“भावाकडे. मी इथेच होतो हो. एच-वनवर.”

“अस्सं. मग आता?”

“पुण्याला. आता बी-टूवर आलोय.”

“म्हणजे आमच्यातलेच की! इन्शुरन्स कुठला काढलात? बीपीच्या गोळ्या किती महिन्यांच्या आणल्यात? आय-नाइन्टीफोरची प्रिंट काढून ठेवा बरं का, माझा मुलगा म्हणतो ती लागते. आणि गुरुवारी सीनियर लोकांची भेळ असते क्लबहाउसला, यायचं.”

माजीराव सेहेचाळीस वर्षांचे आहेत. गोळ्या त्यांच्या आहेत, पण त्या त्यांनी सांगितल्या नाहीत.

संध्याकाळी भावाकडे जमणारी मंडळी वेगळी. सगळे एच-वनवर, सगळ्यांच्या कंपनीत कपातीच्या वावड्या, नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा किंवा गाशा गुंडाळा. या लोकांसमोर माजीरावांना वाचा फुटली, आणि काय आश्चर्य, तोंडून भारत बाहेर पडू लागला! दहा मिनिटांत दारात कोथिंबीर. भाजीवाल्या मावशींच्या पाटीवर क्यूआर कोड. दाढ दुखली तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि बिल बघून दुसरी दाढ दुखत नाही. पोळ्यांना बाई. “अरे, लाइफ आहे तिकडे!” ‘तिकडे’ हा शब्द विमानात बसताना कधीतरी फिरून उलट्या दिशेला लागला होता. ज्या देशात पाय नाहीत, त्याचेच गोडवे गायचे ही त्यांची निष्ठा आहे, आणि ती अढळ आहे, हे मान्य करायला हवं.

याच मंडळीतला, सांगलीच्या काकांचा मुलगा एका रात्री माजीरावांना ड्राइव्हवेमध्ये बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, खरं सांगा. परत गेल्याचं वाईट वाटतं का?” इथे मात्र माजीरावांचा आवाज उतरला. म्हणाले, “एक सांगतो, हातची सोडू नकोस. माझी पावणेदोन वर्षं अजून आहेत, पण तू धरून ठेव.” दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठी काकांनी तोच विषय काढला, डोळ्यांत पाणी आणून. त्यांना माजीराव म्हणाले, “काका, घरी परतण्यासारखं सुख नाही. मी समजावतो त्याला.”

गुरुवारच्या भेळेला काका आले आणि त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मुलगाही आला. दोघांनी एकमेकांशी काय काय बोलून ठेवलं होतं कोण जाणे, दोघंही क्लबहाउसमध्ये शिरल्या शिरल्या एकदमच विचारू लागले, दादा कुठेत? दादा स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी होते. पाच किलो कांदा चिरायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं, मान वर करायला फुरसत नव्हती. बी-टूवर काम करता येत नाही हे खरं, पण पगार नसला तर कांद्याला हरकत नसावी, असं त्यांचं मत पडलं.