उसनी खरखर

फोनवर बोलता बोलता पलीकडचा माणूस गप्प झाला, की कानात एक बारीक खरखर तेवढी उरते. आपण ती त्याच्या घरातली समजतो. पंखा फिरत असेल, खिडकीबाहेर पाऊस लागला असेल, किंवा नुसतीच रात्र असेल, असं मनाशी धरून आपणही जरा वेळ गप्प राहतो. पुष्कळदा ही खरखर त्याच्या घरून निघालेलीच नसते. आपल्या हातातल्या फोनने ती जागच्या जागी तयार केलेली असते. इंटरनेटवरून जाणाऱ्या आवाजाचे साधारण वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करतात, म्हणजे एका सेकंदाचे पन्नास. माणूस बोलत नसेल तेव्हा तुकडे धाडण्यात काय हशील, असा विचार करून यंत्र हात आखडता घेतं. पण मग पलीकडे ठार शांतता पसरते, ऐकणाऱ्याला वाटतं लाइन गेली, आणि तो ‘हॅलो, हॅलो’ करत सुटतो. यावर इंजिनिअर मंडळींनी काढलेली तोड अशी, की मधूनमधून एक इवलीशी चिठ्ठी पाठवायची: इकडची शांतता सध्या अशा अशा पोताची आहे. त्या बरहुकूम पलीकडच्या यंत्राने खोटी खरखर विणून ऐकणाऱ्याच्या कानावर पांघरायची. कम्फर्ट नॉइज म्हणतात तिला, आणि इंटरनेटवर ती चिठ्ठी कशी लिहावी याचा मसुदाही २००२ साली रीतसर ठरून गेला आहे. मला या चिठ्ठीचं फार अप्रूप वाटतं. माणसांनी एकमेकांना किती तऱ्हेची पत्रं लिहिली. पण ‘मी आत्ता गप्प आहे, आणि माझं गप्प बसणं साधारण असं आहे’ एवढ्याच मजकुराचं पत्र भल्याभल्या प्रेमिकांनाही सुचलं नव्हतं.

दुसऱ्याच्या शांततेवर डोळा ठेवायची खोड मात्र इंटरनेटच्याही आधीची. १९५६ साली अटलांटिकच्या तळाशी टेलिफोनची पहिली केबल पडली, स्कॉटलंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत. एवढा समुद्र ओलांडून जेमतेम पस्तीस-छत्तीस संभाषणं एका वेळी जायची. तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आलं, की संभाषणात प्रत्येक जण निम्म्याहून अधिक वेळ गप्पच असतो. कधी ऐकत असतो, कधी शब्द शोधत असतो. मग १९६० साली अशी यंत्रणा बसवली, की लंडनचा गृहस्थ दम खायला थांबला रे थांबला, की त्याची वाट तेवढ्या क्षणापुरती दुसऱ्या कोणाच्या बोलण्याला मिळावी. केबल तीच, पण संभाषणं दुपटीच्या आसपास गेली. एखादी बाई न्यूयॉर्कला मुलाची खुशाली विचारून उत्तराची वाट पाहत थांबायची, आणि तिच्या त्या थांबण्यातून कापसाचा भाव निघून जायचा. तिला त्याचा पत्ताही नसायचा.

आपल्याकडे त्या काळी गप्प बसणं परवडतच नसे. ट्रंक कॉल लावून ठेवायचा, आणि ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग हे घरातल्या संकटाच्या आकारमानावरून ठरायचं. लागला की सगळं घर फोनभोवती. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये तोंड घाली. गाव जितकं लांब तितका आवाज मोठा, हा नियम प्रत्येक घरात न शिकवता पाळला जाई. नागपूरशी बोलणारा माणूस शेजारच्या वाड्यातही ऐकू येई. पुढे एसटीडीची पिवळी पाटी आली, आणि रात्री अकरानंतरच्या पाव दरासाठी बूथबाहेर रांगा लागू लागल्या. आत काचेआड माणूस, त्याच्या डोक्यावर लाल आकडे. आकडा पुढे सरकला की वाक्य आखूड होई. त्या काळचे निरोप आठवून पाहिले, तर त्यात विशेषण सापडणार नाही.

आवाजाचे तुकडे करून ते संगणकांच्या जाळ्यातून धाडायचा प्रयोग अमेरिकेत १९७४ सालीच झाला होता. डॅनी कोहेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समधल्या प्रयोगशाळा आर्पानेटवरून बोलत्या केल्या. पण घरातल्या संगणकावरून बोलायची सोय १९९५ साली व्होकलटेक या इस्रायली कंपनीने आणली. तेव्हाच्या बऱ्याच साउंड कार्डांना ऐकणं आणि ऐकवणं ही दोन कामं एकदम झेपत नसत, त्यामुळे एकाने बोलावं, थांबावं, मग दुसऱ्याने बोलावं, अशी रीत. ही अट पुरी करील असं मराठी घर निदान माझ्या पाहण्यात नाही. सरकारने ती अडचण आमच्यापर्यंत येऊच दिली नाही म्हणा. १ एप्रिल २००२ पर्यंत इंटरनेटवरून फोन करायला आपल्या देशात बंदीच होती. बंदी उठली आणि पुढच्याच वर्षी स्काइप आलं. मग सायबर कॅफेच्या फळकुटांच्या खोपटात हेडफोन लावून बसलेले आजोबा न्यू जर्सीतल्या नातवाला पाहून आधी हरखायचे, आणि मग ‘हा इतका का वाळला’ म्हणून सुनेची झडती घ्यायचे. बिचारा वाळलेला नसायचा, चित्र अर्धवट पोचलेलं असायचं.

हे तुकडे प्रवास कसा करतात, ते मला आषाढात नेमकं कळतं. प्रत्येक तुकडा आपला पत्ता कपाळावर लावून निघतो आणि मोकळी सापडेल ती वाट धरतो. कोणी आधी पोचतो, कोणी मागे रेंगाळतो. पालख्याही अशाच गावोगावहून, आपापल्या वाटेने येतात, पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला थांबतात, आणि तिथून ठरल्या क्रमाने पुढे निघतात. फोनमध्येही कानाच्या अलीकडे अशी एक वाखरी असते. आलेले तुकडे तिथे क्षणभर थोपवून धरतात, क्रमाने लावतात आणि मग कानात सोडतात. फरक एवढाच, की मागे राहिलेला वारकरी दोन दिवसांनी पोचला तरी विठ्ठल काही म्हणत नाही. इथे उशिरा आलेला तुकडा टाकूनच देतात, आणि त्याची जागा शेजारच्या तुकड्यावरून अंदाजाने भरून काढतात. तेव्हा दूरदेशीचा मुलगा ‘मी मजेत आहे’ म्हणतो, त्यातला थोडा भाग त्याचा आणि थोडा यंत्राने समजुतीने घातलेला असू शकतो. आयांना हा संशय पहिल्यापासूनच होता.

एका बाजूचा आवाज दुसरीकडे दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोचला, तर गप्पांचा ठेका सहसा बिघडत नाही, असा जाणकारांचा हिशेब. गप्पांपुरतं ते खरंही असेल. आरतीला ते पुरत नाही, हे २०२० च्या गणपतीत घरोघरी सिद्ध झालं. पुणे, बे एरिया आणि मेलबर्न यांनी मिळून एकच आरती म्हणायची ठरवली, आणि प्रत्येक घरात बाकीचे सगळे मागे पडलेले ऐकू आले. मग प्रत्येकाने मोठ्या मनाने इतरांसाठी जरा थांबून घेतलं. सगळेच सगळ्यांसाठी थांबत गेल्याने आरती जड पावलांची होत होत शेवटी पार रुतली. त्यातच झांज हा गोंगाट आहे असं ॲपचं मत पडलं आणि त्याने ती पुसून टाकली. पडद्यावर काका झांजा वाजवत होते, मुकाट.

एव्हाना साधा फोनही साधा राहिला नाही. २०१६ साली जिओ आलं ते फक्त फोर-जी घेऊन, त्यामुळे त्यावरचा नेहमीचा कॉलसुद्धा तुकड्यांनीच जातो. तार २०१३ सालीच थांबली. ज्याने हे वेड घरोघर नेलं ते स्काइप मे २०२५ मध्ये मिटलं. पत्र, फोन, सिनेमा, विजेचं बिल, सगळं एकाच वाटेने येतं-जातं. आणि बोलणं फुकट झाल्यावर माणसांनी काय केलं, तर बोलायचं कमी केलं.

माझी मावशी सांगलीला असते, तिची मुलगी म्हणजे आमची ताई नेदरलँड्सला. शनिवारी मावशी साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवते आणि मेथी निवडायला बसते. तिकडे ताई कपड्यांच्या घड्या घालते. अर्धा अर्धा तास कोणी बोलत नाही. मधेच मावशी चष्म्यावरून पाहून म्हणते, “तो निळा शर्ट अजून टाकला नाहीस का गं?” ताई म्हणते, “असू दे गं आई.” की पुन्हा आपापलं काम. मी एकदा विचारलं, “मावशी, बोलायचं नाही तर फोन चालू कशाला ठेवतेस?” तर म्हणाली, “ती घरात असताना काय सारखी बोलत होती का माझ्याशी?” या शनिवारात बोलणं म्हणजे थोडीशी अडचण. खरं जे धाडायचं असतं ते देठ मोडल्याचा आवाज, भांड्याला लागलेलं भांडं, गॅस बारीक केल्यावरचा बदल. आणि नेमकं तेवढंच यंत्र उंबऱ्यावर अडवायचं. मावशीच्या कुकरची शिट्टी ताईला कधीच ऐकू जायची नाही. ती पडद्यावर वाफ पाहायची आणि विचारायची, “झाली का गं दुसरी?”

पुढे ताईने ॲपच्या कुठल्याशा कोपऱ्यात शिरून ती गोंगाट पुसायची सोय दोन्हीकडे बंद केली. आता शिट्टी पोचते. तिच्याबरोबर वरच्या मजल्यावरचा मिक्सर, भंगारवाला आणि समोरच्या बोळातलं भांडणही पोचतं, आणि ताई तिकडे घड्या टाकून ते भांडण ऐकत बसते. काम आटोपलं की मावशी तिथेच खुर्चीत मान टाकते. तिचं घोरणं, ताई म्हणते, ती सोय चालू होती तेव्हाही लख्ख ऐकू यायचं. यंत्राने ते पहिल्यापासून बोलण्यातच धरलेलं होतं. मावशीला हे अजून कोणी सांगितलेलं नाही.