बिनकमिशनची दोरी

फिजिक्सच्या पुस्तकातली कप्पी अख्ख्या बीड जिल्ह्यात कुठल्याच दुकानात मिळत नाही. ती म्हणे वजनरहित असते, घर्षणरहित असते, आणि तिच्यावरची दोरी कितीही ओढा, तसूभर लांबत नाही. आमच्या आडावरची कप्पी तेल पाजलं तरी सगळ्या गल्लीला ओरडून सांगते, की कोणाची घागर वर येतेय.

पुतणी नीटची तयारी करतेय. कप्पीच्या एका टोकाला ६ किलो, दुसऱ्याला ४ किलो. सोडून दिलं, जड बाजू १ मीटर खाली आली; वेग किती? केंब्रिजच्या जॉर्ज अ‍ॅटवूडने १७८४ साली हे यंत्र पुस्तकात मांडलं, तेव्हापासून जगभरची पोरं त्याला लटकलेली आहेत. क्लासची रीत म्हणजे दोन चित्रं, चार बाण, दोन समीकरणं आणि मग दोरीतला ताण. तो कागदावर येईपर्यंत पोरीच्या कपाळावर उमटलेला असतो.

मी म्हटलं, "दोरीच्या भानगडीत पडूच नको. दोरी म्हणजे मुकादम. या टोकाकडून घ्यायचं, त्या टोकाला द्यायचं. फक्त हा कमिशन खात नाही."

"मग काका, तो आपल्याकडचा नसणार."

दर दिवाळीच्या आसपास गावंच्या गावं उचल घेऊन ऊसतोडीला जातात, त्या जिल्ह्यातली पोर आहे. तिला काय शिकवायचं? पण हिशेब तिला पटला. जड बाजूने सोडले ६० ज्यूल, हलकीने वर जाताना ठेवून घेतले ४०. उरलेल्या २० मध्ये दोघी मिळून १० किलो पळाल्या. अर्धा गुणिले दहा गुणिले वेगाचा वर्ग बरोबर वीस. वेग सेकंदाला २ मीटर, खेळ खल्लास. कप्पी २ किलोची भरीव चकती निघाली, तर ती फिरण्यासाठी आपला वाटा मागते आणि वेग १.९ वर येतो. परीक्षकाने ताणच विचारला, तर मात्र मुकादमाच्या दारात जावंच लागतं.

अण्णांनी तरुणपणी मोट हाकलेली. ते इतका वेळ गप्प होते.

"धावेवरून बैल खाली उतरतात म्हणून मोट वर येते. बैलाचं वजनच निम्मं काम करतं. आम्हाला कुठं समीकरण लागलं?"

"पण अण्णा, मोट रिकामी झाल्यावर बैल उलट पावली धाव चढतात ना? तेव्हा तेच वजन त्यांना वर न्यावं लागतं. ती ऊर्जा कुठली?"

"कडब्याची!"

"तेच तर. पण आमच्या पेपरातल्या बैलाला फक्त वजन असतं, पोट नसतं."

अण्णा थक्क. "मग पोळ्याला त्याला पुरणपोळी चारता कुठं गं?"