सेवानिवृत्त हिमालयवीर

नेपाळच्या खुंबू प्रदेशात, म्हणजे एव्हरेस्टच्या दक्षिण पायथ्याकडे जाणाऱ्या खोऱ्यात, वसंत आणि शरद ऋतूंत जे नाना प्रकारचे पदयात्री आढळतात, त्यांत साठी ओलांडलेला, बहुधा बँकेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त झालेला पुणेकर गृहस्थ हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. त्याची पूर्वतयारी सिंहगडावर झालेली असते. दर रविवारी पहाटे गड चढायचा, पिठले-भाकरी खायची आणि लागलेली मिनिटे वहीत टिपून मागच्या रविवारच्या मिनिटांशी ताडून पाहायची, हा त्याचा नेम असतो; आणि त्या वहीच्या आधारे, बेस कॅम्प (गिर्यारोहकांचा पायथ्याचा तळ) आपल्याला जड जाण्याचे कारण नाही, असा निर्णय त्याने घरीच देऊन टाकलेला असतो.

या निर्णयातील उणीव एवढीच की सिंहगड सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि ही पायपीट जिथून सुरू होते तो लुक्ल्याचा विमानतळच त्याच्या दुपटीहून उंच आहे. हवेतील प्राणवायूचा वाटा वरही शेकडा २१ इतकाच राहतो. घटतो तो हवेचा दाब, आणि ५,३६४ मीटरवरील बेस कॅम्पला तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येत असल्याने श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही तितकाच रोडावतो. शरीर या विरळ हवेला हळूहळू सरावते. म्हणून ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय दंडक आहे. दंडबैठकांची पुण्याई येथे फारशी चालत नाही. घाई करणारा तरणाबांड गडी आडवा होतो आणि गुडघ्याला पट्टा बांधून रखडत येणारे आजोबा सुखरूप पोचतात, असे या वाटेवर घडते. परंतु ज्या मंदगतीची आयुष्यभर लाज वाटली तीच येथे पात्रता ठरते, हे या गृहस्थाला पटवून देणे वाटाड्यालाही साधत नाही.

नामचे बाजार, म्हणजे ३,४४० मीटरवरील शेर्पांचे गाव, येथे सरावासाठी एक दिवस जादा मुक्काम असतो, आणि त्याच दिवशी या प्रकृतीचा खरा विलास पाहावयास मिळतो. रक्तातील प्राणवायूची टक्केवारी दाखवणारे, बोटाला लावायचे चिमट्यासारखे यंत्र जेवणाच्या टेबलावर फिरू लागते आणि शालान्त परीक्षेचा निकाल लागल्याची कळा तेथे पसरते: ८८ मिळालेला ८३ मिळालेल्याकडे कणवेने पाहतो, तर ८३ वाला बोट चोळून फेरतपासणी मागतो. (गारठलेल्या बोटावर हे यंत्र चुकते, त्यामुळे मागणी अगदीच निराधार नसते.)

डोके दुखणे, मळमळणे आणि अन्नावरची वासना उडणे ही उंचीच्या विकाराची पहिली लक्षणे होत. दुर्दैवाने मराठी घरांत पित्ताचीही हीच असल्याने गृहस्थ निदान स्वतःच करतो, आदल्या रात्रीच्या नूडल्सना दोष देतो आणि आमसूल चघळतो. हा भाग हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण विकार बळावल्यास फुप्फुसांत पाणी साचते वा मेंदूला सूज येते, आणि तेव्हा तातडीने खाली उतरवणे हाच मुख्य उपाय उरतो. विकार टाळण्यासाठी घेतात ती डायमॉक्स ही गोळी श्वासाला चालना देते, पण लघवीही वाढवते. प्रोस्टेट ग्रंथीने आधीच रात्रीच्या फेऱ्या नेमून दिलेल्या गृहस्थास ती गोठणबिंदूखालच्या थंडीत किती वेळा बाहेर काढते, याची नोंद मात्र वहीत नसते.

त्याच्याबरोबर आलेली पत्नी हा या अभ्यासातील उपेक्षित भाग होय. तिच्याजवळ यंत्र नसते, वही नसते. ती दर थांब्यावर गरम पाणी पिते, डाळभात संपवते, याकांना वाट देताना डोंगराच्या अंगाला उभी राहते आणि गृहस्थ पोचल्यावर अर्ध्या तासाने, बोलण्याइतपत दम शिल्लक ठेवून पोचते.

अखेरीस दोघेही बेस कॅम्पला येतात, ज्येष्ठ नागरिक संघाचा फलक उलगडला जातो, आणि छायाचित्रात एव्हरेस्ट मागे यावे म्हणून गृहस्थ दिशा विचारतो. येथून शिखर दिसत नाही, ते पाहण्यास आणखी वर कालापत्थरला चढावे लागते, असे वाटाड्या सांगतो, तेव्हा ही बाब आधी का कळवली नाही, असा लेखी खुलासा मागण्याची भाषा सुरू होते. पत्नी पिशवीतून सहलीचे माहितीपत्रक काढून, काही न बोलता, संबंधित ओळीवर बोट ठेवते.