दानशूर वीजग्राहकास अनावृत पत्र

प्रति,
घरात अजूनही साठ वॅटचा पिवळा बल्ब आणि चोकवाली ट्यूब बाळगून असलेले दानशूर गृहस्थ,
मुक्काम महाराष्ट्र

विषय : वीज कंपनीला आपण दरमहा करीत असलेल्या गुप्तदानाबद्दल कृतज्ञता

महोदय,

स. न. वि. वि.

देवळाला पाचशे रुपये देऊन पायरीवर नाव कोरून घेणारे गावोगाव आहेत. आपली जात वेगळी. आपण वर्षानुवर्षे वीज कंपनीच्या तिजोरीत भर घालता आणि त्याबद्दल पाटी सोडाच, कौतुकाचा साधा शब्दही मागत नाही. उलट बिल हातात आले की दरवाढीच्या नावाने बोटे मोडून आपले औदार्य झाकून टाकता. म्हणून हे पत्र. तारेचा बल्ब जेवढी वीज ओढतो तिच्यातला विसावा हिस्सासुद्धा धड प्रकाश होऊन बाहेर पडत नाही. बाकी सगळ्याची उष्णता होते. साठ वॅटच्या बल्बमधून साधारण ७०० ल्युमेन उजेड मिळतो आणि ९ वॅटचा बरा एलईडी बल्ब त्याहून काकणभर जास्तच देतो. मधले ५१ वॅट म्हणजे आपले दान. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर-अकोल्याकडे पारा चढलेला असताना आपण खोलीत आधी उष्णता विकत घेता आणि मग ती हटवायला पंखा किंवा एसी जोरात चालवता. एकाच खोलीतून दोनदा दक्षिणा देणारा यजमान आजच्या काळात दुर्मीळच.

‘एलईडी महाग पडतो’ हे आपले जुने म्हणणे आम्हांस ठाऊक आहे, आणि एके काळी ते खरेही होते. २०१४च्या सुरुवातीला सरकारी घाऊक खरेदीतसुद्धा एका एलईडी बल्बला ३१० रुपयांच्या आसपास मोजावे लागत होते. पुढच्या वर्षी, ५ जानेवारी २०१५ रोजी, एलईडी बल्ब वाटणारी उजाला योजना सुरू झाली. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्बांच्या एकगठ्ठा निविदा काढल्या आणि २०१६ पर्यंत खरेदीचा भाव ३८ रुपयांपर्यंत खाली आला. आज दुकानात ९ वॅटचा बरा बल्ब शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. तरीही आपण पंधरा-वीस रुपयांचा तारेचा बल्ब उचलता आणि ऐंशी रुपये वाचवल्याच्या समाधानात घरी येता. त्या बल्बचे आयुष्य साधारण एक हजार तास. तेवढ्यात तो ६० युनिट वीज खातो. युनिटला दहा रुपये धरले, तर वीस रुपयांच्या वस्तूने मरेपर्यंत आपल्याकडून सहाशे रुपये काढले. तेवढेच तास एलईडी जळाला असता तर ९ युनिट, म्हणजे नव्वद रुपये. दुकानदाराच्या गल्ल्यावर दिसते ती बल्बची किंमत आपण काटेकोरपणे पाहता. मीटरमधून जाणारी तिच्या तिपटी-चौपटीने नव्हे, तब्बल तीसपट रक्कम मात्र आपल्या हिशेबात कुठेच नसते. बल्ब रोज पाच तास जळत असेल, तर बदलीचे शंभर रुपये सुमारे चाळीस दिवसांत वसूल होतात. चाळीस दिवसांत मुद्दल परत करणारी ठेव कुणी आणून दिली, तर आपण तिला फसवणूक समजून पोलिसांत जाल.

युनिटला दहा रुपये हा आकडा फुगवलेला आहे, अशी शंका आपण घ्याल. घ्यायलाच हवी. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात : पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० जवळपास दुप्पट भावाने, मग ५०० पर्यंत आणखी वर. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. आपण सरासरी दर काढता आणि म्हणता, आम्हांला एवढे पडत नाही. परंतु वाचणारे युनिट कधीच सरासरीतले नसते. महिन्याला १६० युनिटे जाळणाऱ्या घरात एका बल्बमुळे सात-आठ युनिटे कमी झाली, तर ती वरच्या टोकाची, महागड्या टप्प्यातली कमी होतात. ज्यांचे बिल मुळातच शंभर युनिटांच्या आत आहे, त्यांना बचत निम्म्याच्या आसपास होईल आणि मुद्दल फिटायला चाळीसऐवजी ऐंशी दिवस लागतील. गरिबाघरी ऐंशी दिवस थांबणे सोपे नसते, हे मान्य. पण आपण त्या घरात राहत नाही. आपल्या बिलावरचे टप्पेच तसे सांगतात.

आता आपल्या दानातला सर्वात नाजूक भाग. वीज वाचवायची ठरवली की लोक घरातला सर्वात प्रखर दिवा शोधतात. न्हाणीघरात किंवा माळ्यावर साठ वॅटचा बल्ब सापडतो, तो बदलतात आणि हात झटकतात. तो बल्ब दिवसातून अर्धा तास लागतो. वर्षभरात जेमतेम ११ युनिटे खातो. इकडे देवघरात किंवा झोपायच्या खोलीत झिरोचा बल्ब रात्रभर मिणमिणत असतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, कारण तो ‘काही खात नाही’ अशी पक्की समजूत आहे. त्या समजुतीला कारण होते. चकती फिरणाऱ्या जुन्या मीटरांना एवढा लहान भार एकटाच असला तर कळतच नसे. चकती हलायची नाही. बल्ब मात्र १० ते १५ वॅट घेत होता आणि आजही घेतो. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर दयामाया न दाखवता तो मोजते. १५ वॅटचा झिरो रोज दहा तास जळला की वर्षाला सुमारे ५५ युनिटे होतात, न्हाणीघरातल्या त्या धिप्पाड बल्बच्या पाचपट. त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावला तर वर्षाला दोन युनिटेही पुरी होत नाहीत. तेव्हा आपले दान कमी करण्याचा विचार कधी चुकून मनात आलाच, तर दिव्याचे वॅट पाहू नयेत, तास पाहावेत. सर्वात जास्त वेळ जळणारा दिवा पहिला बदलावा. माळ्यावरचा बल्ब आपल्या नातवंडांसाठी राहू दिला तरी चालेल.

तासांचा हा मुद्दा सरकारी कागदांनाही लागू आहे, म्हणजे आपल्याला एकटे वाटायला नको. उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले आणि त्यांतून वर्षाला सुमारे ४,८०० कोटी युनिटे वाचतात, असा अधिकृत अंदाज दिला जातो. साधा भागाकार केला तर एका बल्बमागे वर्षाला १३० युनिटे येतात. साठ वॅटच्या जागी नऊ वॅट धरले, तर तेवढी बचत व्हायला प्रत्येक बल्ब वर्षातले ३६५ दिवस रोज सात तास जळायला हवा. स्वयंपाकघरातला जळेलही. कपाटात जास्तीचा म्हणून ठेवलेला, न्हाणीघरातला आणि पाहुण्यांच्या खोलीतला जळणार नाही. योजना वाया गेली असे यातून मुळीच निघत नाही. बाजारातला भाव पाडण्याचे जे काम तिने केले, एकट्या त्या कामासाठीही ती मोलाची होती. पण बल्ब वाटला म्हणजे वीज वाचली, असा हिशेब आपल्या स्वयंपाकघराच्या पातळीवर करू नये.

ट्यूबलाइटबद्दल दोन शब्द, कारण ‘आमच्याकडे ट्यूब आहे, म्हणजे बचत आहेच’ असे म्हणून आपण बल्बवाल्यांकडे जरा वरून पाहता. जुन्या जाड ट्यूबवर ४० वॅट लिहिलेले असते. पट्टीतला लोखंडी चोक स्वतः आणखी १२ वॅटच्या आसपास गिळतो आणि वर रात्री गुणगुणतो. २० वॅटच्या एलईडी बॅटनशी तुलना केली तर दर तासाला ३२ वॅट-तासांचे दान. घरातल्या एका ट्यूबचे ठीक आहे. खरी दानपेटी आपल्या सोसायटीच्या जिन्यात आहे. तिथे मजल्याला दोन अशा पाच मजल्यांत दहा ट्यूब रात्रीचे बारा तास जळतात. वर्षाला १,४०० युनिटे, म्हणजे साधारण चौदा हजार रुपये, जिन्यातल्या हवेत सोडले जातात. दहा बॅटनांचा खर्च अडीच-तीन हजार. वार्षिक सर्वसाधारण सभेत वडा की समोसा यावर पाऊण तास खल होतो, पण जिन्यातल्या चोकांवर आजवर कुणी प्रश्न विचारल्याचे इतिवृत्तात सापडणार नाही, कारण ती रक्कम देखभालखर्चात विरघळून सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी येते. आणि बदलायचेच झाले, तर जुन्याच पट्टीत नुसती एलईडी नळी अडकवून चोक आत ठेवू नये. तो रिकामपणीही थोडे खात राहतो.

‘एलईडी सहा महिन्यांत जातात’ ही आपली तक्रार मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. २०१७ साली नील्सनने मुंबई, दिल्ली, अहमदाबाद आणि हैदराबाद येथील दोनशे दुकानांची पाहणी केली, तेव्हा एलईडी बल्बांच्या ७६ टक्के ब्रँडांमध्ये सुरक्षेच्या सरकारी निकषांची पूर्तता आढळली नाही. खोक्यावर छापलेले २५ हजार तास हे बहुधा आतल्या चिपचे आयुष्य असते. चिप सहसा मरत नाही. तिला वीज पुरवणारे सर्किट, त्यातही तिथला कपॅसिटर, उष्णतेने सुकतो आणि बल्ब लुकलुकायला लागतो. चारी बाजूंनी बंद काचेच्या घुमटात एलईडी कोंबला की हे लवकर होते, कारण एलईडीलाही थोडी उष्णता बाहेर टाकावी लागते आणि ती घुमटात कोंडून राहते. उपाय कंटाळवाणा आहे : भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल पाहणे, वॉरंटीची पावती जपून ठेवणे, फुटपाथवरचा ‘तीन नग शंभरला’ टाळणे, बंद घुमट उघडा करणे. एवढे करूनही बल्ब दोनच वर्षे टिकला असे धरू. रोज पाच तासांच्या हिशेबाने तोवर त्याने आपली किंमत अठरा वेळा फेडलेली असते. गावाकडच्यांनी एक फरक आधीच टिपला आहे. संध्याकाळी व्होल्टेज पडले की तारेचा बल्ब निखाऱ्यासारखा लाल होतो, चांगल्या सर्किटाचा एलईडी मात्र उजेड जवळपास तेवढाच ठेवतो.

राहिला डोळ्यांचा आणि ऊबदारपणाचा प्रश्न. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते आणि तिच्यावरचा पिवळसर लेप तो प्रकाश पांढरा करून देतो. त्या निळ्या चिपसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. लेप कसा आहे त्यावर रंग ठरतो. आपल्याकडचा दुकानदार न विचारता ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा बल्ब देतो आणि जेवणाच्या ताटातली आमटी आजारी दिसू लागते. त्याच किमतीत २,७०० किंवा ३,००० केल्विनचा पिवळसर बल्ब मिळतो. फक्त मागावा लागतो. त्यामुळे जुन्या पिवळ्या उजेडाची ओढ हे दान चालू ठेवण्याचे कारण म्हणून आता पुरत नाही. लुकलुकण्याबद्दल बोलायचे तर स्वस्त एलईडी लुकलुकतात हे खरे आहे, पण लोखंडी चोकावरची आपली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळत-मंदावत आली आहे. तिच्याखाली पिढ्यान्‌पिढ्यांनी दहावीचा अभ्यास केला.

आपला शेवटचा बचाव सर्वात जोरदार आहे, म्हणून तो अखेरीस ठेवला : बिलात दिव्यांचा वाटा असतो तरी किती? गीझर, एसी, फ्रिज यांच्यापुढे बल्ब म्हणजे चिल्लर. एसी असलेल्या घरात हे अगदी खरे आहे. दिवसाला पंधरा तास फिरणारा ७५ वॅटचा जुना पंखा बदलून ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा लावला, तर वर्षाला २४६ युनिटे वाचतात, एका बल्बच्या अडीचपटीहून जास्त. पण पंख्याला तीन हजार लागतात आणि एसीला तीस-चाळीस हजार. चिल्लर आधी उचलायची ती एवढ्यासाठीच की तिला भांडवल लागत नाही. तरीही ‘शेजाऱ्यांनी सगळे एलईडी लावले, बिल कमी झाले नाही’ असा दाखला आपण द्याल. द्या. १८६५ मध्ये विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की वाफेची यंत्रे काटकसरी झाली तशी कोळशाची उधळण वाढली. शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात पूर्वी एका ट्यूबवर, म्हणजे ५२ वॅटवर भागत असे. आता पीओपीच्या छतात नऊ-नऊ वॅटचे बारा दिवे आहेत, कडेने रंगीत पट्टी आहे, टीव्हीमागे आणखी एक. एकट्या बारा दिव्यांचेच १०८ वॅट झाले. एलईडीने त्यांना फसवलेले नाही. त्यांनी स्वस्त झालेला उजेड कितीतरी पट जास्त विकत घेतला, इतकेच. आपल्या घरी तसे काम निघालेच, तर दिव्यांची संख्या ठरवण्याचा अधिकार छत करणाऱ्या ठेकेदाराकडे देऊ नये. त्याचा दर नगावर असतो, आणि मीटर त्याच्या घरी बसवलेले नसते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवण्याची गरज नाही.

आपला नम्र,
बिल मुदतीत भरणारा एक वीजग्राहक