लॅबवाले दादा

वसई-विरार पट्ट्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात ते सर, फाइली नेतात ते मामा आणि कॉम्प्युटर लॅब सांभाळतात ते दादा. हजेरीपटावर पद लॅब असिस्टंटचं. हातात किल्ल्यांचा जुडगा आणि विरार लोकलच्या सवयीने सॅक पोटावर, अगदी रिकाम्या जिन्यातसुद्धा.

दादांच्या लिनक्स मशिनवर विद्यार्थ्याचं काहीच नसतं. त्याची होम डिरेक्टरी असते सर्व्हरवर, आणि ती एनएफएसने, म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 साली आणलेल्या पद्धतीने, प्रत्येक डेस्कटॉपवर माउंट होते. कुठल्याही खुर्चीत बसा, आपलंच घर उघडतं. व्यवस्था नामी आहे. फक्त वीज जाता कामा नये.

पावसाळ्यात ती जातेच. परत आली की सगळं एकदम चालू होतं. डेस्कटॉप अर्ध्या मिनिटात उठतो, स्विचचा पोर्ट जोडणी तपासत तीसेक सेकंद गप्प राहतो आणि सर्व्हर डिस्क चाळत बसतो. डेस्कटॉप होम मागतो, समोरून उत्तर नाही. मग काळ्या पडद्यावर लाल तारे दीड मिनिट इकडून तिकडे सरकतात. तेवढ्यात दादांचा कटिंग होतो. नंतर लॉगिनची खिडकी येते, पोरगा पासवर्ड टाकतो आणि पुन्हा तीच खिडकी.

“दादा, पासवर्ड चुकतोय.”

पासवर्ड बरोबर असतो; घरच जागेवर नसतं. दादा मान वर न करता म्हणतात, “रीस्टार्ट मार.” तोवर सर्व्हर उठलेला असतो, त्यामुळे मशीन सुरळीत चालतं आणि दादांच्या हाताला गुण असल्याची ख्याती पुढच्या बॅचपर्यंत पोचते.

रीस्टार्टनेही भागलं नाही तर दादा स्वतः येतात. कंट्रोल-आल्ट-एफ थ्री दाबून रूटने शिरतात, कारण रूटचं घर मशिनवरच असतं. पासवर्ड टाकताना खांदा आडवा धरतात, ‘माउंट -ए’ मारतात आणि निघून जातात. जर्नल वाचण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. होम आलं पण फाइल सेव्ह होईना, तर बहुधा डेस्कटॉपवरचा आणि सर्व्हरवरचा यूआयडी जुळत नसतो. तो जुळवण्याऐवजी दादा सर्व्हरवर जाऊन अख्ख्या वर्गाला ‘ट्रिपल सेव्हन’ परवानगी देऊन टाकतात. त्या सत्रात सगळ्यांच्या असाइनमेंटा शब्दशः सारख्या निघतात आणि सरांना कारण कळत नाही.

खरा उपाय दादांना ठाऊक नाही असं नाही. मशीन उठतानाच होम मागायचं नाही. कोणी लॉगिन केल्यावर मागायचं. ऑटोएफएस हेच करतं. एफएसटॅबच्या ओळीत ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ लिहिलं तरी हेच होतं. सर्व्हरचा आयपी होस्ट्स फाइलमध्ये टाकला की डीएनएसचीही वाट पाहावी लागत नाही. बाहेरचे परीक्षक येणार त्या दिवशी दादा लवकरची गाडी पकडतात, आधी स्विच, मग सर्व्हर आणि चहानंतर मशिनं लावतात. त्या दिवशी एकही तक्रार येत नाही.

बदल प्रत्येक मशिनवर एकाच ओळीचा आहे. दादा तो दिवाळीच्या सुट्टीत करणार आहेत. गेल्या दिवाळीतही करणार होते.